मावशीला घेऊन येतो

समोरून कुत्रा येताना दिसला की ती लपायची. एकटी नाही, आपल्या कुत्र्यासकट. कारण दुसरं कुत्रं नजरेस पडायचा अवकाश, तिचा कुत्रा असा काही सुटायचा की शेजारपाजारच्या खिडक्या उघडत. गल्लीनेच त्याचं नाव ठेवलं होतं — भोंगा.

त्या संध्याकाळीही ती एका उभ्या टेम्पोमागे उकिडवी बसली होती, भोंग्याला कवेत आवळून, श्वास रोखून. आणि नेमका टेम्पो निघून गेला!

रस्त्यापलीकडे एक उंच तरुण उभा होता. त्याच्या पायाशी एक तांबूस कुत्री, शहाण्यासारखी बसलेली. भोंग्याने आकाशपाताळ एक केलं. ती ओशाळली, आणि तो हसला. चिडवल्यासारखं नाही. छान हसला, मेला!

"पट्टा ढिला सोडा," तो म्हणाला. "तुमचा हात घाबरला की त्याचा गळा सुटतो."

"आणि लोक माझा गळा धरतात, त्याचं काय?"

"माणसांची शिकवणी मी घेत नाही. कुत्र्याची घेईन... उद्या याल?"

दातांच्या दवाखान्यात दिवसभर परक्या लोकांना 'आ करा' म्हणणारी ही मुलगी स्वतःच आ वासून उभी राहिली.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. कुत्रीला मावशी म्हणायचा, कारण ती कुणावरच चिडत नसे. त्याची रीत सोपी होती. मैदानाच्या एका टोकाला तो आणि मावशी, दुसऱ्या टोकाला ती आणि भोंगा. भोंग्याने मावशीकडे पाहिलं रे पाहिलं, की भुंकायच्या आत त्याच्या तोंडात उकडलेल्या चिकनचा तुकडा. दुसरं कुत्रं दिसणं म्हणजे खाऊ, एवढं त्याच्या डोक्यात बसलं पाहिजे. शांत राहिला तर थोडं जवळ यायचं, भुंकला तर मागे.

"घाई करायची नाही," तो पलीकडून ओरडे. "समोरासमोर यायचं नाही, बाजूबाजूने चालायचं. सवय होते हळूहळू..."

"कुणाची?"

"ज्याची त्याला!"

घरी वहिनीच्या नजरेतून काय सुटतंय! "लिफ्ट दुरुस्त करतो, ते कळलं," ती म्हणाली. "पण देतो का?"

"काहीतरीच काय, वहिनी!"

"मग मैदानात जाताना कानात डूल कशाला? भोंग्याला आवडतात?"

अंतर कमी होत गेलं. मैदानाएवढं होतं ते रस्त्याएवढं झालं, मग एका बाकाएवढं. 'अहो-जाहो' कुठे गळून पडलं, कळलंही नाही. एकदा भुरभुर पाऊस आला आणि चौघं एकाच झाडाखाली आली. भोंगा भुंकला नाही. मावशीचा कान हुंगून तिच्या शेजारी चक्क आडवा झाला. भोंग्याला द्यायला तुकडा हवा म्हणून तिने त्या तरुणापुढे हात केला, तो त्याने धरला... आणि लगेच सोडला नाही.

"गार पडलाय हात," तो म्हणाला.

"थंडी आहे."

"हं." त्याने कुत्र्यांकडे पाहिलं. "आता एका घरात राहायला काही हरकत नाही. तुझ्या घरच्यांना... चालेल का गं? विचारशील?"

कुत्र्यांच्या आडून बोलतोय, लाजतोय वेडा, असं तिला वाटलं. तिच्या जागी कुणालाही वाटलं असतं. ती घरी आली ती तरंगतच. आई म्हणाली, मुलगा सरळ दिसतो. भाऊ म्हणाला, बोलव. दुसऱ्या दिवशी तिने नुसतं "चालेल" म्हटलं, तर त्याचे डोळे भरून आले.

"रविवारी मावशीला घेऊन येतो," तो म्हणाला.

आई लगेच कामाला लागली. त्याची मावशी येणार! पडदे धुतले, ठेवणीतले कप निघाले. मावशी म्हणजे कोण, हे आईला सांगायला ती तोंड उघडायची आणि तिला हसूच फुटायचं. कळेल रविवारी. त्याची माणसंही बरोबर येतीलच की.

रविवारी तो एकटाच आला. एका हातात मावशीचा पट्टा, काखेत तिची गुंडाळलेली गादी, पिशवीत तिचं खाण्याचं भांडं.

"हे काय?" ती फाटकातच हसली. "लग्नाआधीच सामान?"

"लग्न पुढच्या महिन्यात आहे. तुला कुणी सांगितलं?" तो चपापला. मग घाईघाईने म्हणाला, "माझ्या होणाऱ्या बायकोला कुत्र्याच्या केसांनी दमा उठतो. मावशीला कुणाकडे द्यायचं, याचा मला घोर लागला होता. पण आता तू आहेस, भोंगाही शांत झालाय..."

आतून आईची हाक आली. "मावशी आल्या का गं? बाहेर काय उभं केलंस त्यांना, आत बोलव!"

त्याने खिडकीतून आत पाहिलं. पडदे, कप, वहिनीचं डोकावणारं डोकं. त्याचा चेहराच उतरला.

"मला वाटलं, तू माझ्याबद्दल विचारतोयस," ती म्हणाली. "घरात सगळ्यांनाच वाटलं."

त्याने काखेतली गादी फाटकापाशी ठेवली.

"तुला खरंच कळलं नव्हतं?"

तो खोटं बोलू शकला असता. तिने आनंदाने विश्वास ठेवला असता.

"कळलं होतं," तो म्हणाला. "त्या झाडाखाली... कळलं होतं."

"मग?"

"सांगितलं असतं तर तू यायची थांबली असतीस. मावशीला दुसरं कुणी नव्हतं गं."

असं ऐकल्यावर माणसाने थोबाडीत द्यायला हवी. तिने फक्त पट्टा हातात घेतला. मावशीचा काय दोष? तिनेही याच माणसाला जीव लावला होता.

"जा," ती म्हणाली.

"अधूनमधून येईन, तिला बघायला."

"यायचं नाही."

"तिला वाटेल, मी तिला टाकलं."

"टाकलंसच ना."

तो खाली मान घालून गेला. मावशी फाटकात पाय रोवून त्या दिशेला बघत राहिली. तिला ओढून आत नेणं काही हिला जमेना.

वहिनी बाहेर आली. तिने गादी बघितली, कुत्री बघितली, हिचा चेहरा बघितला. मग वाकून गादी उचलली.

"आईंना मी सांगते," ती म्हणाली. "तू ये सावकाश."

"वहिनी..." आणि मग तिला रडूच कोसळलं. "तो वळून बघेल, असं मला अजून वाटतंय गं."