खांबाजवळच्या सायकली

“हा सरळसरळ अन्याय आहे!” सलोनीने नोटीस बोर्डावर बोट आपटलं. “रविवारच्या शर्यतीत फक्त हायड्रॉलिक डिस्क ब्रेकच्या सायकली चालतील! म्हणजे आपण सगळे बाद!”

“अरे यार, मी तर आधीच बाद आहे,” प्लास्टरमधला डावा हात वर करून धीरज म्हणाला. “वेलकम!”

क्षिप्राचा धाकटा भाऊ उन्मेष खो खो हसला. क्षिप्राला मात्र हसू येईना. ती नोटीस तिने सकाळपासून चार वेळा वाचली होती. कारण धीरज पडला तो तिच्या सायकलवरून, आणि त्या सायकलचे ब्रेक तिने स्वतः निवडले होते!

ऑक्टोबर २०१०. दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धा चालू होत्या, म्हणून शाळेला लांबलचक सुट्टी मिळाली होती. गुडगावच्या त्यांच्या नव्या सोसायटीलाही खेळाचं वारं लागलं होतं. सहापैकी दोन टॉवर अजून अर्धवट होते, रोज कुणीतरी राहायला येत होतं आणि तळघरात खोक्यांचे डोंगर साचत होते. सोसायटीचे क्रीडा सचिव जयंतकाका आगट्यांनी दोन महिने आधीच जाहीर केलं होतं, “अरवलीच्या टेकड्यांमध्ये सायकल शर्यत! जुन्या दगडखाणीपर्यंत जायचं आणि परत!”

क्षिप्राने त्यासाठी महिनाभर डोकं खाजवलं होतं. तेराव्या वाढदिवसाला मिळालेल्या माउंटन बाइकला डिस्क ब्रेक बसवायचे होते. हायड्रॉलिकमध्ये नळीतलं तेल ब्रेक दाबतं. तो झकास, पण फार महाग. तारेवर चालणारा साधा डिस्क ब्रेक तिला परवडत होता. झंडेवालानच्या सायकल बाजारातल्या सतनामजींना तिने शंभर प्रश्न विचारले आणि शेवटी तारेचाच घेतला. पंधरा दिवस तो उत्तम चालला.

आणि मग गेल्या मंगळवारी धीरजने तिची माउंटन बाइक चालवून बघायला म्हणून मागून घेतली. खाणीच्या वळणावर त्याने ब्रेक दाबला. सायकल किंचाळली, पण थांबली नाही! बाजूच्या कीकरच्या, म्हणजे बाभळीच्या, काट्यांनी त्याला अडवलं म्हणून बरं, नाहीतर पुढे पाण्याने भरलेला खोल खड्डाच होता.

“स्वस्तातले ब्रेक, दुसरं काय!” दवाखान्यात धीरजचे बाबा, नरसिंहकाका, एवढंच म्हणाले. त्यानंतर लिफ्टमध्ये दोनदा भेट झाली, तर ते नुसते मजल्यांचे आकडे बघत राहिले. आणि आज सकाळी जयंतकाकांनी ती नोटीस लावली.

“ताई, तू किती फेऱ्या मारणार आहेस?” उन्मेष वैतागला. “मला चक्कर यायला लागली!”

क्षिप्रा थबकली. “सलोनी, कालपासून तुझी सायकल पण ओरडते ना?”

“ओरडते? रडते! आणि ब्रेक दाबला की नुसती घसरते.”

“आणि धीरजची?”

“माझी टकाटक आहे,” धीरज म्हणाला. “बाबांनी काल चालवून पाहिली. जागच्या जागी थांबली.”

“पण ब्रेक तर आपल्या तिघांचे सेम आहेत! एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेतलेले. मग ब्रेक वाईट असतील तर तिन्ही वाईट हवेत ना?”



क्षिप्राला दम निघत नव्हता. आईने, सुहासिनीने, तिचा चेहरा पाहिला आणि दुसऱ्या दिवशी चक्क अर्धी रजा टाकली. नव्या मेट्रोने सगळे झंडेवालानला पोचले. सतनामजींनी क्षिप्राच्या ब्रेकमधले पॅड काढले. नखाएवढ्या दोन चकत्यांची ही जोडी चाकावरच्या डिस्कला दोन्हीकडून चिमटा काढते, तेव्हा सायकल थांबते. त्यांनी पॅड अंगठ्याने चोळले, नाकाशी नेले आणि मान हलवली.

“ब्रेक में कोई खराबी नहीं, बेटा. पैड ने तेल पिया है! कुछ चिकना गिरा है इस पर. अब ये क्या पकड़ेगा?”

सगळ्यांच्या माना उन्मेषकडे वळल्या.

“मी नाही!” तो ओरडला. “मी फक्त चेनला तेल घातलं! ते पण गेल्या महिन्यात! आणि सलोनीताईच्या सायकलला मी हातसुद्धा लावलेला नाही!”

ते खरं होतं. परतीच्या वाटेवर क्षिप्रा मेट्रोच्या काचेवर बोटांनी ताल धरून बसली होती. मध्येच ती ताडकन उठली. “आई! तळघरात माझी आणि सलोनीची सायकल खांबाजवळ असते. धीरजची लिफ्टजवळ! आपल्या स्टीलच्या ताटल्या घेऊ का गं?”

“ताटल्या? कशाला?”

“तेल पकडायला!”

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता तळघरात सहा चकचकीत ताटल्या मांडल्या गेल्या. तीन खांबाजवळच्या सायकलींखाली आणि तीन लिफ्टजवळ. चौघे खोक्यांच्या ढिगामागे दडून बसले. बारा वाजले, दोन वाजले. काहीच होईना. धीरजच्या प्लास्टरच्या आत खाज सुटली, तेव्हा सलोनीने त्याला खाजवायला फूटपट्टी दिली. क्षिप्राचे पाय तर एक मिनिट स्थिर राहत नव्हते.

“ताई, हलू नकोस! खोकी पडतील!”

“श्श्! कोणीतरी येतंय!”

चारच्या सुमारास शीळ घालत आले ते जयंतकाका! खांबाशेजारी त्यांची कोरी करकरीत गाडी उभी होती. त्यांनी एक डबा हलवला आणि टायरवर फवारा मारला. फुस्स! मग दुसऱ्या टायरवर. फुस्स! फुस्स! टायर काळेभोर चमकायला लागले. तळघरातला मोठा पंखा जोरात फिरत होता आणि फवाऱ्याचं बारीक धुकं तरंगत तरंगत थेट सायकलींवर जात होतं.

काका गेल्याबरोबर क्षिप्राने खिशातून रांगोळीची पुडी काढली, प्रत्येक ताटलीवर चिमूटभर भुरभुरवली आणि ताटल्या उलट्या करून झटकल्या. लिफ्टजवळच्या ताटल्या लख्ख निघाल्या. खांबाजवळच्या तिन्हींवर रांगोळी चिकटून बसली!

“सापडलं!” सलोनीने उडी मारली.

“थांबा,” क्षिप्राचा आवाज बारीक झाला. “ती तिसरी ताटली कुणाच्या सायकलखाली होती?”

ती सायकल जयंतकाकांची होती. तिचे ब्रेक परदेशी आणि हायड्रॉलिक. उद्या सकाळी काका त्याच सायकलवरून सगळ्यांना खाणीचा रस्ता दाखवायला निघणार होते!

चौघे धावतच वर गेले. काकांनी सगळं ऐकलं आणि ते मोठ्याने हसले. “अगं, ते टायरला चकाकी देणारं पॉलिश आहे! त्याने ब्रेक जातात होय? आणि माझे ब्रेक तुमच्यासारखे तारेचे नाहीत, बेटा. उद्या बघा, खाणीच्या तोंडाशी कसा थांबतो ते!”

दार बंद झालं.

“आता काय?” उन्मेष रडवेला झाला. “काका खड्ड्यात जातील!”

क्षिप्राने ओठ चावला. मग तिने पुन्हा घंटा वाजवली.

“काका, बिल्कुल शेवटचं. आम्हाला हायड्रॉलिक कसा थांबतो ते बघायचंय. रॅम्पच्या तळाशी आम्ही खडूने रेघ मारतो. तुम्ही रेघेवर थांबून दाखवा ना! मग आम्ही एक शब्द बोलणार नाही.”

काकांची छाती फुगली. “अच्छा! चलो, आत्ताच दाखवतो!”

काका हेल्मेट चढवत होते तेवढ्यात मुलांनी रेघ मारली, आणि तिच्यापलीकडे रिकाम्या खोक्यांची भिंत रचली. पुढे थर्माकोल, मागे कुणाच्या तरी नव्या पलंगाची गादी.

“हे कशाला?” काकांनी विचारलं.

“असंच! सजावट!” धीरज म्हणाला.

काका रॅम्पवरून ऐटीत निघाले. रेघेच्या बरंच आधी त्यांनी दोन्ही ब्रेक दाबले. क्याँऽऽऽ! तळघर दणाणलं. काकांचे डोळे मोठे झाले. रेघ आली, रेघ गेली, आणि धाडदिशी काका खोक्यांच्या भिंतीत शिरले! थर्माकोलचे गोळे बर्फासारखे उडाले.

कुणीच हसलं नाही. क्षिप्रा सगळ्यांत आधी पोचली. “काका, लागलं का?”

काका गादीवर बसून होते. मिशीत थर्माकोल अडकला होता. त्यांनी हळूच सायकलच्या डिस्कवर बोट फिरवलं आणि बोटाकडे बघितलं.

“खाणीवर गादी नसती,” ते पुटपुटले. मग ते उठले आणि तडक धीरजसमोर गेले. “तुझा हात माझ्यामुळे मोडला रे. आणि मी दोष दिला या पोरीच्या ब्रेकना! माफ कर. दोघंही माफ करा मला.”

संध्याकाळच्या आत नोटीस बोर्डावरून उतरली. पॉलिशचा डबा कचऱ्यात गेला. डिस्क स्पिरिटने पुसून काढल्या, आणि काका स्वतः झंडेवालानला जाऊन सगळ्यांसाठी नवे पॅड घेऊन आले. तारेच्या ब्रेकचे पॅड पहिल्याच दुकानात मिळाले. त्यांच्या परदेशी ब्रेकचे मात्र अख्ख्या बाजारात मिळाले नाहीत! रविवारी त्यांना शेजाऱ्याची सायकल मागून आणावी लागली.

त्या रविवारी सकाळी काकांनी माइक हातात घेतला. “आज ब्रेक तपासल्याशिवाय कुणीही सुटणार नाही! आणि ते तपासणार आहे क्षिप्रा. जे आम्हा मोठ्यांना कळलं नाही ते या चौघांनी शोधून काढलं!”

टाळ्या कडाडल्या. बघता बघता समोर रांग लागली. डॉक्टर, इंजिनीअर, बँकेचे मॅनेजर, सगळे मुकाट्याने सायकल धरून उभे!

“पुढचा दाबा. आता मागचा. अंकल, तुमचा मागचा ढिला आहे, तिकडे सलोनीकडे जा. नेक्स्ट!”

गेले कितीतरी दिवस तिच्या पायांत भिंगरी होती. आज ती एका जागी घट्ट उभी होती.

रांगेच्या शेवटी नरसिंहकाका आले. त्यांनी धीरजची सायकल आणली होती. क्षिप्राने दोन्ही ब्रेक दाबून पाहिले.

“चांगले आहेत, काका.”

“माहीत आहे,” ते म्हणाले. मग हँडलकडे बघत पुढे म्हणाले, “क्षिप्रा, मलाही एक सायकल घ्यायची आहे. धीरजबरोबर चालवायला. ब्रेक कुठले बसवायचे ते मला काही कळत नाही बुवा. पुढच्या शनिवारी येशील आमच्याबरोबर?”

क्षिप्राने मान डोलावली.

“शंभर प्रश्न विचारते हं ती, बाबा!” मागून धीरज ओरडला. “जेवणाचा डबा घेऊनच निघूया!”

नरसिंहकाका हसले आणि त्यांनी तिच्या हेल्मेटचा पट्टा स्वतःच्या हाताने नीट केला. “विचारू दे की. जा आता, शिट्टी होईल.”