शब्दाशब्दानं भरलेला निरोप

दार उघडलं तर धुक्यात एक उंच तरुण उभा. खांद्यावर अवजारांची पिशवी, गळ्याला मफलर. त्यानं वही पुढे केली. ‘वायरलेस दुरुस्तीवाला. घसा बसलाय. रिपीटरचा नवा कंट्रोलर बसवायचाय.’

मला हसू आलं. टेकडीवरच्या या हवामान केंद्रात मी एकटीच नोंदी घेते, आणि मी बोलताना अडखळते. म्हणजे आज इथे धड बोलणारं कुणीच नव्हतं.

रिपीटर मागच्या खोलीत. खालून आलेला क्षीण आवाज तो पकडतो आणि लांबवर पोचवतो. दुपारपर्यंत दुरुस्तीवाल्यानं कंट्रोलरची जुनी पेटी काढून नवी बसवली. मी दोनदा गुळण्यांना गरम पाणी दिलं. मग त्यानं माइक माझ्यापुढे धरला.

“तुम्ही बोला,” तो कुजबुजला. “‘वीज गेली आहे. रिपीटर बॅटरीवर चालू आहे. कामापुरतंच बोला.’ एवढंच. वीज गेली की पेटी हे आपोआप ऐकवेल.”

“मी... न-नाही. माझं ब-बोलणं ऐकताय ना?”

“ऐकतोय की. सकाळपासून तेच ऐकतोय.”

मी मान खाली घातली. कान मात्र तापले.

पहिल्यांदा ‘वीज’वरच अडले. दुसऱ्यांदाही. माइक ठेवून दिला. माझा मोठा भाऊ खालच्या चौकीत वायरलेसवर असतो. माझ्या नोंदीसुद्धा तोच पुढे वाचून दाखवतो.

“दादाला... सांगा,” मी म्हटलं.

त्यानं माइक पुन्हा उचलला. “या पेटीला अख्खं वाक्य एका दमात लागत नाही. एकेक शब्द वेगळा भरायचा. कुठला कशामागून, ते क्रमांक मी टाकतो.”

“तुमची पाचची ब-बस?”

“त्यानंतरही असतात.”

तासभर लागला. ‘बॅटरी’ला सात खेपा झाल्या. सातव्या खेपेला दोघंही हसलो... त्याच्या हसण्याचा तर नुसता वाराच निघाला.

मग त्यानं मेन स्विच बंद केला. दोन सेकंदांनी वायरलेसमधून एका बाईचा आवाज आला — सावकाश, शांत, स्पष्ट. माझा.

पाठोपाठ खालून दादा बोलला. “छोटे... ही तू? परत एकदा लाव गं.”

माझे डोळे भरले. दुरुस्तीवाला पाठ फिरवून वायर गुंडाळत बसला, गुंडाळलेलीच.

निघताना तो पायरीवर रेंगाळला. “पुढच्या आठवड्यात तपासायला येईन. तोवर घसा सुटेल. मग बोलू.”

“आत्ताच... ब-बोलते मी. तुम्ही म-म—”

शब्द अडकला. अशा वेळी समोरचा माणूस घाईनं माझं वाक्य पुरं करून टाकतो. दादासुद्धा. हा नुसता बघत उभा राहिला. खालच्या वळणावर बसचा हॉर्न वाजला, तरी त्यानं मान वळवली नाही.

“—मला आवडलात.”

त्यानं पिशवी खाली ठेवली आणि पायरीवर बसला. शेजारची जागा हातानं पुसली.

“मलाही, तू,” तो कुजबुजला. “सकाळीच वहीत लिहिणार होतो... धीर झाला नाही.”

मी शेजारी बसले. खाली बस निघून गेल्याचा आवाज आला.

“सांग ना अजून,” तो म्हणाला. “सावकाश सांग.”