उसना हात

पवनचक्क्यांच्या पठारावरच्या प्रयोगशाळेत मिताली कारखानीस सकाळपासून एका सर्व्होचा छळ करत होती. सर्व्हो म्हणजे विमानाच्या पंखांवरच्या आणि शेपटीवरच्या झडपा हलवणारी छोटी मोटर. तिच्या दांड्याला मितालीने भलंमोठं वजन टांगलं होतं आणि मोटर कण्हत कण्हत ते उचलत होती. शेजारच्या पडद्यावर बॅटरीच्या व्होल्टेजची रेषा मात्र सरळच्या सरळ होती.

“बघा, जरासुद्धा वाकली नाही,” ती म्हणाली. “जुनी बॅटरी असती तर एव्हाना मान टाकली असती.”

“आणि बॅटरीने मान टाकली की रिसीव्हर क्षणभर बेशुद्ध पडतो,” अस्लम मुजावर चष्मा पुसत म्हणाले. “एवढ्या मोठ्या विमानाला मरायला तो क्षण पुरतो. घ्या हीच.”

मुजावर रेडिओ-लहरींचे जाणकार. मिताली नियंत्रणाची आणि उड्डाणाची. दोघांनी मिळून उभी केलेली विमानं दिसायला छंदिष्टांच्या मॉडेल विमानांसारखीच होती, फक्त अवाढव्य. पंख पाच मीटरचे, वजन धडधाकट माणसाइतकं. डोंगराआडच्या वाड्यांवर ती सर्पदंशाचं औषध पोचवत. त्यांना वाट उपग्रह दाखवायचा, पण उतरणं अवघड. दऱ्यांमधला वारा लहरी, आणि विमान डोंगराखाली गेलं की पठारावरचा रेडिओ तिथे पोचतच नसे.

त्यावर मुजावरांनी तोड काढली होती. त्यांनी तिला नाव दिलं होतं ‘हस्तानुमानक’.

“तरी मला ते आवडत नाही,” सर्व्होचं वजन उतरवत मिताली म्हणाली. “माझ्यामागे माझा हात कुठेतरी फिरत असतो.”

“अहो, हात नाही. हाताचा अंदाज. तुमचं प्रत्येक उड्डाण त्याने पाहिलंय. वारा असा, उंची इतकी, वेग इतका, तेव्हा मितालीबाईंनी नियंत्रकाची दांडी किती ढकलली? एवढंच तो शिकतो. रेडिओ तुटला की तुम्ही केलं असतं तेच करतो.”

“आणि रेडिओ चालू असताना?”

“तेव्हा मतदान. प्रत्येक विमानात दोन अनुमानक आहेत आणि तिसरी तुमची लहर. तिघांत दोघे म्हणतील ते खरं. थोडा फरक असेल तर तुमचंच चालतं. पण फारच वेगळं काही आलं तर ती कुणाची तरी परकी लहर समजून सोडून देतात. पवनचक्क्यांचा केवढा गोंधळ असतो इथे हवेत!”

“माझा हात बदलला तर? वय होतंय माझं.”

मुजावर हसले. “त्याचीही सोय आहे. नवं शिक्षण जुन्यावर चढतं. शेवटचं उड्डाण सगळ्यांत जड.”

नव्या बॅटऱ्या आणि नवे सर्व्हो विमानात बसवून दोघे धावपट्टीवर आले. दुसरं एक विमान नुकतंच भैरेवाडीला निघालं होतं. तिथे एका बाईला घोणस चावली होती.

मितालीने विमान उडवलं. पश्चिमेचा वारा नेहमीसारखा रेटत होता, पण नवे सर्व्हो झडपा अशा धरून होते की तिला पंखांवर हात ठेवल्यासारखं वाटलं. मुजावर लहरींचं मोजमाप घ्यायला पट्टीच्या पार टोकाला गेले. दोन घिरट्या झाल्यावर तिने विमान उतरायला वळवलं, इंजीन मंद केलं आणि पट्टीकडे पाहिलं.

मुजावर पट्टीच्या मधोमध होते. ओलांडताना त्यांचा पाय कातळाच्या भेगेत घोट्यापर्यंत गेला होता. दोन्ही हातांनी मांडी धरून ते पाय ओढत होते, आणि पाय निघत नव्हता.

मितालीने दांडी खसकन मागे ओढली. विमानाचं नाक वर यायला हवं होतं.

ते आलं नाही.

तिच्या हातातल्या नियंत्रकावर लाल दिवा लागला. परकी लहर.

तिने पुन्हा ओढली, इंजिनाचा जोर वाढवला, डावी-उजवी जमेल तशी दांडी फिरवली. दिवा लालच राहिला. विमान शांतपणे, डौलात, तिने शेकडो वेळा उतरवलं होतं तसंच उतरत होतं. या वाऱ्यात, या उंचीवरून मिताली कारखानीसने कधीच विमान वर खेचलं नव्हतं. तेव्हा खेचणारी ही बाई मिताली असणं शक्यच नव्हतं.

दोन अनुमानक म्हणजे दोन साक्षीदार नव्हतेच. एकाच माणसाचा दोनदा लिहून घेतलेला जबाब होता तो. ते दोघे कायम एकमेकांना दुजोरा देणार आणि ती कायम एकटी पडणार. बॅटरीने आत्ता दगा दिला आणि विमान वाटेतच कोसळलं तर बरं, असं आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं. पण बॅटरी तिने स्वतः निवडली होती. ती दगा देणार नव्हती.

“खाली पडा!” ती ओरडली. वाऱ्याने शब्द मागे फेकले. मुजावरांनी मान वर केली. पुढचा पंखा फिरत त्यांच्याकडे येत होता.

थोडा फरक असेल तर तुमचंच चालतं.

तिने दांडी सोडली. दिवा विझला. मग जिवाच्या आकांताने किंचाळावंसं वाटत असताना तिने बोट दांडीवर ठेवलं आणि केसभर उजवीकडे ढकललं. दिवा लागला नाही. आणखी केसभर. बोट थरथरलं तर संपलं; भ्यालेला हात त्यांच्या ओळखीचा नव्हता. तिने श्वास रोखला. एखाद्या प्रसन्न सकाळी, काही घाई नसताना ढकलावी तशी ती दांडी ढकलत राहिली आणि डोळ्यांसमोर मुजावर मोठे होत जाणाऱ्या सावलीखाली वाकत होते.

विमान उजवीकडे सरकलं. पंख मुजावरांच्या डोक्यावरून गेला. चाकं पट्टी सोडून गवतात टेकली आणि विमान खडखडत जाऊन थांबलं.

ती धावत पोचली तेव्हा मुजावर पालथे पडून रडत होते की हसत होते, तिला कळेना. बुटाची नाडी सोडून तिने पाय बाहेर काढला. घोटा सुजला होता.

“तुम्ही उजवीकडे नेलंत,” मुजावर म्हणाले. मग त्यांचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी गवतात उभ्या विमानाकडे पाहिलं. “मिताली, चाकं थांबली.”

“थांबली ना. झालं आता.”

“चाकं थांबली की ते शिकतं. आणि शिकलेलं लगेच बाकीच्यांना देतं.” त्यांनी तिचं मनगट घट्ट धरलं. “त्याला डोळे नाहीत. मी पट्टीवर होतो हे त्याला ठाऊक नाही. पश्चिमेचा वारा, ही उंची, अशा वेळी मिताली उजवीकडे जाते, एवढंच त्याला कळलं. शेवटचं उड्डाण सगळ्यांत जड.”

“भैरेवाडीचं विमान...”

“अजून डोंगरावर असेल, तर त्याला हे मिळालंय.”

तिने नियंत्रकाचा पडदा उघडला. भैरेवाडीच्या विमानापुढे शिक्षण पोचल्याची हिरवी खूण होती. त्याखालीच दुसरी ओळ उमटली: विमान डोंगराआड. रेडिओ तुटला.

मितालीने भैरेवाडीच्या आरोग्य केंद्रात फोन लावला. सगुणा झोरे, तिथली परिचारिका, पहिल्याच घंटेला बोलली.

“मॅडम, आवाज येतोय विमानाचा! दिसलं बघा, वळतंय.”

“सगुणाताई, वारा कुठून आहे?”

“मावळतीकडनं. रोजच्यासारखा.”

“लोक कुठे उभे आहेत?”

“तुम्ही सांगितलंय तिथंच. पट्टीच्या उजव्या अंगाला, गवतात. पेशंटला पण बाजेवर आणलंय. डावीकडं तर दरीच आहे ना.”

मितालीच्या डोळ्यांपुढे भैरेवाडीची पट्टी आली. एका बाजूला खोल दरी, दुसऱ्या बाजूला गवताचा चिंचोळा पट्टा आणि त्यामागे उभा कडा. पळायला जागा नव्हती. जागा एकच होती.

“ताई, सगळ्यांना पट्टीवर घ्या. मधोमध. बाज उचला आणि पट्टीच्या मधोमध आडवे व्हा.”

“पट्टीवर? अहो मॅडम, विमान उतरतंय पट्टीवर!”

“नाही उतरणार. ते गवतात येणार आहे.”

पलीकडे कुणीतरी ओरडत होतं. इंजिनाची घरघर आता फोनमधून स्पष्ट ऐकू येत होती. मितालीला वाटलं, वारा तिथे जरा जरी वेगळा असला, सगुणाला दिशा सांगताना जरा जरी चूक झाली असली, तर आपण माणसं पंख्यापुढे नेऊन ठेवली. मुजावरांनी डोळे मिटून घेतले होते.

“ताई, मी आजवर तुम्हाला खोटं सांगितलंय का? चला!”

फोन कुठेतरी आपटला. बाजेचे पाय दगडावर खरडले. एक म्हातारं माणूस देवाचं नाव घेत होतं. घरघर वाढत वाढत फोनभर पसरली, मग खडखडाट झाला, आणि मग काहीच नाही.

“सगुणाताई?”

मितालीने फोन कानावर आणखी घट्ट दाबला.

“सगुणाताई!”

“हाय,” खूप वेळाने आवाज आला. दात वाजत होते. “सगळी हायेत. आम्ही होतो ना, तिथनंच गेलं मॅडम. गवत पार कापत गेलं.”

“औषधाची पेटी?”

“धड दिसतीय.”

“आधी विमानाच्या पोटातली बॅटरीची लाल वायर उपटा. मग पेटी काढा. विमान पुन्हा उडता कामा नये.”

वायर उपटल्याचं कळेपर्यंत ती कान लावून बसली. तिच्या उजव्या हातात नियंत्रक अजून तसाच होता.

“मॅडम,” सगुणाने विचारलं, “इथं आमच्या डोळ्यादेखत पट्टीकडं येत होतं ते. तुम्ही तिकडं डोंगरापल्याड. ते गवतात जाणार हे तुम्हाला कसं कळलं?”

मितालीने हाताकडे पाहिलं.

“कारण,” ती म्हणाली, “ते मीच चालवत होते.”