भिंत नसलेला जंतू

फाटक समितीच्या साहेबांनो, हे फाटक तुम्ही बसवलंत. माणूस आजारी आहे की नाही, हे ठरवायचा अधिकार डॉक्टरांकडून काढून तुम्ही एका लोखंडी चौकटीला दिलात आणि वर तिला हार घातलात. आता ऐका.

इचलकरंजीत आज यंत्रमागाच्या प्रत्येक शेडच्या दारात श्वासफाटक आहे. आत जाताना फुंकर मारायची, दोन सेकंदांत दिवा लागतो. हिरवा म्हणजे धडधाकट. लाल लागला तर रजा, आणि शेजारची औषधपेटी उघडते. गोळ्या बेसुमार खाऊन जंतू निगरगट्ट झाले, म्हणून सगळी प्रतिजैविकं त्या पेटीत कुलूपबंद. दवाखानाही आधी दिव्याचा रंग विचारतो.

शिवलीला कोष्टी तीन आठवडे खोकत होती आणि तीन आठवडे हिरवी होती. तिला वाटलं, सुताची धूळ असेल. मग तिची जाऊ काशव्वा खोकू लागली, मग अर्धी शेड. अंगात कणकण, पण पाय चालत होते. पाय चालतात तोवर माग चालवायचा. जॉबरकडे, म्हणजे शेडच्या मुकादमाकडे, तक्रार केली तर तो म्हणाला, फाटकापेक्षा तू शहाणी काय? सोमवारी काशव्वाचे ओठ निळे दिसले. दिवा हिरवाच.

शिवलीला पाळी सोडून डॉ. इरफान पटवेगारांकडे गेली. फाटक त्यांनीच बनवलेलं. त्यांनी छाती तपासली आणि कामाची रीत विचारली. तिने सांगितली: मागावर आडवा धावणारा धोटा, त्यातली सुताची कांडी संपली की नवी घालायची, मग धोट्याच्या भोकाला तोंड लावून दोरा ओढायचा. पुढच्या पाळीत तोच धोटा काशव्वाच्या तोंडाला.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. बहुतेक जिवाणूंभोवती कडक भिंत असते, त्यांनी समजावलं. फाटक श्वासात त्या भिंतीचा चुरा शोधतं. मायकोप्लाझ्मा नावाच्या या जिवाणूला भिंतच नाही.

"याला चालता न्यूमोनिया म्हणतात, अक्का. माणूस हिंडत राहतो आणि रोग वाटत सुटतो."

"मग खोटा लाल लावा की."

"लाल दिव्याला पेटी पेनिसिलिनच्या जातीचं औषध देते. ते भिंतीवर घाव घालतं. इथे घाव घालायला आहे काय?"

लागू पडणारी गोळी, अझिथ्रोमायसिन, त्याच पेटीत खालच्या कप्प्यात आहे. थुंकीतून हा जंतू ओळखणारी तपासणी डॉक्टरांनी फाटक बनवतानाच सुचवली होती. तिला सहा तास लागतात. तेवढा वेळ पाळी कोण थांबवणार, म्हणून तुम्ही ती खोडलीत आणि डॉक्टरांनी मान डोलावली. हे त्यांनी खाली बघत कबूल केलं.

"मग तो कप्पा उघडतो कधी?"

"शवविच्छेदनात फुफ्फुसात हा जंतू सापडला की. त्या शेडपुरता. त्याच दिवशी."

शिवलीलाने त्यांना दोनदा विचारलं, कारण पहिल्यांदा आपण चुकीचं ऐकलं असं तिला वाटलं.

मग ती त्यांना घेऊन शेडवर आली. तिने सांगितलं, डॉक्टरांनी तुमच्या नावाने अर्ज लिहिला, चाळीस जणांनी सह्या केल्या. काशव्वाने बसून केली. अर्जात औषध मागितलेलं नाही.

"एक मेल्यावर बाकीच्यांना गोळी, हा तुमचा नियम. आम्ही चाळीस आहोत. काशव्वा मरणाच्या सगळ्यांत जवळ आहे, पण तिला दोन लेकरं आहेत आणि मरायची तिची तयारी नाही. आमचीही नाही. तेव्हा कोणी मरायचं ते नाव तुम्हीच कळवा. उद्याच्या पहिल्या पाळीच्या आत, सही करून."