न सुजलेली टाच

बाभळीचा काटा टाचेत मोडून तीन दिवस झाले, तरी टाच सुजली नाही, लालही झाली नाही. मी खूश होते. शनिवारी खो-खोची अंतिम फेरी होती आणि लंगडणाऱ्या मुलीला आमच्या सरांनी थेट बाहेर बसवले असते. पण नानाआजोबांनी टाचेला हात लावला आणि त्यांचा चेहरा उतरला. माझे अंग तापले होते आणि टाच मात्र गार होती.

नाना रक्तपेशींचे शास्त्रज्ञ. त्यांनी टाचेवर सूक्ष्मकॅमेरा टेकवला आणि समोरच्या भिंतीवर माझ्याच आतले जग दिसू लागले. मोडक्या काट्याभोवती जंतू वळवळत होते. एकाचे दोन, दोनाचे चार. शेजारच्या रक्तवाहिनीतून पांढऱ्या पेशी (जंतूंना गिळणारे आपले रक्षक) वाहत होत्या. एकही थांबत नव्हती. मला धडकीच भरली.

"नाना, त्यांना दिसत नाही का?"

"त्यांना डोळे नसतात, शर्वरी. जखमेजवळच्या पेशी केमोकाइन (हाक मारणारी प्रथिने) सोडतात. ती रक्तवाहिनीला आतून चिकटली की पांढरी पेशी अडखळते, थांबते आणि फटीतून बाहेर पडते. फोडणीच्या वासावर तू स्वयंपाकघर गाठतेस ना, तशीच पेशी ही प्रथिने दाट असतील तिकडे सरकते. इथे ती हाकच कुणीतरी बंद केली आहे."

मी मान खाली घातली. "सूज येऊ नये म्हणून तुमच्या कपाटातली पट्टी पोटरीला लावली, सलवारीखाली. रोज एक."

ती पट्टी त्यांनीच सांधेदुखीच्या रुग्णांसाठी बनवली होती. त्या रुग्णांच्या शरीरात ही हाक विनाकारण चालू राहते आणि पट्टी ती अडवते. नाना रागावले नाहीत. रागावले असते तर बरे वाटले असते. त्यांनी पट्टी सोलून काढली, टाच धुतली आणि डॉक्टरांना बोलावले.

डॉक्टरांनी काटा काढून इंजेक्शन दिले. आम्ही भिंतीकडे बघत बसलो. बऱ्याच वेळाने एक पेशी अडखळली, चपटी झाली, फटीतून बाहेर आली. मग शेकडो आल्या. जंतू गिळता गिळता त्या फुटू लागल्या.

"मरताहेत त्या."

"हो. पू म्हणजे बरेचसे त्यांचेच देह."

संध्याकाळी टाच टम्म सुजून ठणकू लागली. सामना हुकला. मला रडू आले, पण सामन्यासाठी नाही.

नाना वहीत नव्या पट्टीची आकृती काढत होते.

"जंतू असतील तर तिने हाक अडवायची नाही," मी म्हणाले.

नानांनी ते वाक्य जसेच्या तसे लिहून घेतले.