एस. पाटील आणि अडलेलं मशीन

"एस. पाटील कुठे बसतात?"

वळवाच्या पावसात भिजलेला एक उंच मुलगा कॉलेजच्या लॅबच्या दारात उभा होता. सोनलनं मानही वळवली नाही. "मीच की, सोनल पाटील! काय पायजे पावणं?"

तो गडबडला. "मी अतुल मेश्राम, नागपूरचा... वर्षभर आपण ई-मेलवर बोलतोय ना? पण तुम्ही तर लिहिलं होतं — 'मी दमलो'..."

"दमलो म्हंजे दमलो! कोल्हापुरात पोरी असंच बोलत्यात. हसायचं असंल तर भाईर, न्हायतर बसा हितं."

तो बसला, पण हसू काही आवरेना. सोनलला ते हसू आवडलं, आणि त्याचाच तिला राग आला.

आधीच ती वैतागली होती. तिनं स्वतः लिहिलेली ऑपरेटिंग सिस्टीम एम्युलेटरवर, म्हणजे संगणकाच्या आतल्या नकली संगणकावर, सुरू होता होता थिजत होती. उद्या परीक्षकांसमोर ती चालली तर पुण्याची नोकरी. नाहीतर गडहिंग्लजचे पाहुणे शिरोळला घरी तिला बघायला येणार. वडिलांशी, आण्णांशी, तसंच ठरलं होतं.

अतुलनं हात पुढे केला. "मी बघू?"

"की-बोर्डला हात लावायचा न्हाय!"

"मग काय करू?"

"बघत बसा."

"तेच तर करतोय..."

सोनलचे कान तापले. कुठं अडतंय ते कळायला तिनं कोडच्या पायरीपायरीवर पडद्यावर एकेक अक्षर छापायला लावलं. अक्षरं आली, आणि एका जागी थांबली.

"फ्लॉपी!" ती ओरडली. "नकली मशीनला फ्लॉपीच न्हाय, आन् माझं येडं तिच्या उत्तराची वाट बघत बसलंय!"

तिनं त्या वाट बघण्याला वेळेची मर्यादा घातली. सिस्टीम सुरू झाली! आनंदात तिनं अतुलचा हात घट्ट धरला... त्यानंच तो हळूच सोडवला.

"सोनल, आम्ही बौद्ध. तुमचं जैन घर, मेलमध्ये तूच लिहिलं होतंस. तुझे आण्णा..."

"आण्णांचं मी बघतो. तू तुझं सांग."

"आवडतेस तू मला. पहिल्या मेलपासून."

"तवा तर मी पोरगा वाटलो हुतो की तुला!"

"म्हणून तर वर्षभर काळजीत होतो..."

सोनल खो-खो हसली. "मग लगीनच करू की!" ती म्हणाली, आणि अतुलनं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी परीक्षक खूश झाले. अतुलला सोबत घेऊन तिनं एसटीडी बूथवरून घरी फोन लावला. "आण्णा, चाललं! गडहिंग्लजला नको म्हणून कळवा."

"शाब्बास!"

"आन् मी लगीन ठरवलंय. अतुल मेश्राम. बौद्ध हाय."

आण्णांचा आवाज कडक झाला, "उंबऱ्याच्या आत घेणार न्हाय त्याला."

सोनलचा आवाज खाली आला नाही. "मग भाईर दोन खुर्च्या टाका, आण्णा. आमी दोघंबी तितंच बसतो. बघू दे सगळ्या गावाला."

तिनं फोन ठेवला, डोळे पुसले आणि रांगेतल्या सगळ्यांदेखत अतुलचा हात धरला.

"चल. शिरोळची एसटी लागली असंल."