आधी शिलाई, मग काप

दारातच दोघांची टक्कर झाली. ती शर्टांचा गठ्ठा घेऊन आत येत होती आणि तो खोक्यातलं यंत्र ढकलत होता. शर्ट जमिनीभर पसरले.

"तुमची वाट अडवली का मी?"

"वाट नाही, पोट अडवलंत," ती शर्ट गोळा करत म्हणाली. "हेच ना ते, माझ्या हातांच्या जागी आलेलं?"

तो खाली बसून शर्ट वेचू लागला.

शिवणकामाचा कारखाना नव्या मालकाने घेतला होता. हाताने बटणांची काजं करणारी आता ती एकटीच उरली होती. महिनाअखेरपर्यंत यंत्र जमलं तर राहा, नाही तर घरी, असा निरोप होता. शिकवायचं काम यंत्र घेऊन आलेल्या त्या मिस्त्रीचंच.

हाताने काज करताना आधी कापडाला चीर पाडायची, मग कडा शिवायच्या. यंत्र उलटं, आधी शिवतं, मग मधोमध कापतं. पण तिची छोटी कात्री सवयीने आधीच चालायची आणि सुईखाली कापड फाटायचं.

"पुन्हा?"

"हात ऐकत नाही."

"त्याला रागावू नका. गुणी आहे हो तो हात…"

इस्त्रीवाली मावशी खाकरली. "मिस्त्री, जरा यंत्राकडेही बघा!"

एका दुपारी तिने गाशा गुंडाळला. "माझ्याच्यानं नाही होणार."

"मी घड्याळं दुरुस्त करायचो," तो हळूच म्हणाला. "दुकान बंद पडलं. कितीतरी दिवस मनगटावर घड्याळ बांधवेना. दुखतं ते दुखतंच. पण हात रिकामा ठेवला की जास्त दुखतं."

तिने स्टूल पुन्हा यंत्रापाशी ओढलं. मग कात्री त्याच्यापुढे धरली. "ही ठेवा. मी मागितली तरी देऊ नका."

त्याने ती खिशात घातली. तिने मागितली, चिडून मागितली, एकदा तर लाडीगोडीही लावली. तो नुसता हसायचा. आणि एके दिवशी यंत्राखालून नीटस काज बाहेर आलं… मग दुसरं… मग गठ्ठाभर शर्टांची.

तिची जागा टिकली आणि त्याचं काम संपलं.

"उद्या दुसऱ्या गावी," कात्री पुढे करत तो म्हणाला. "तुम्हीही विसराल… आत्ताच निरोप घेतलेला बरा."

"तुम्हीच शिकवलंत ना?" तिने मान वर केली. "अजून शिवलंय कुठे, आणि तुम्ही कापायला निघालात?"

त्याचा हात तसाच राहिला.

"मग ही… माझ्याकडेच?"

"ठेवा. दर रविवारी या, मागेन मी." तिने नजर यंत्रावर वळवली, गालांवरची लाली मात्र लपेना. "देऊ नका."